अमेरिकेतल्या प्रेअरीवर, म्हणजे गवताळ माळावर, कायोटी (कोल्ह्यासारखा, लांडग्याच्या कुळातला प्राणी) किंवा बॅजर (जमीन खोदून शिकार करणारा ठेंगणा प्राणी) शिकार करतानाचा फोटो मिळवायचा असेल तर काय करावं?

मोठी लेन्स भाड्याने घ्यावी का, हे आधी मिटवून टाकू. तुमच्याकडची 150-600 मिमीची झूम लेन्स पुरते. ऑक्टोबरात डेन्व्हरला भावाकडे येताय आणि चार दिवस मोकळे आहेत असं लिहिलंय, तर मोठी लेन्स भाड्याने घेण्यापेक्षा ते पैसे पेट्रोलला ठेवा. मी कोलोरॅडोतच राहतो आणि सुट्ट्या बहुतेक याच नादात जातात. कायोटीच्या शोधात माळ पालथा घालू नका. प्रेअरी डॉगची वसाहत गाठा, गाडी बंद करा आणि त्यांच्याकडे बघत बसा.

प्रेअरी डॉग हा खारीच्या कुळातला, बिळं खोदून मोठ्या वसाहतीत राहणारा प्राणी. कायोटी, बॅजर, सोनेरी गरुड, ससाणे, सगळ्यांचा डोळा त्याच्यावर, म्हणून त्याचाही डोळा सगळ्यांवर. ताडोबात चितळाच्या कॉलवर जिप्सी वळवतात, तसंच इथे करायचं. वरून ससाणा झेपावला की सगळे क्षणात बिळात गडप होतात. जमिनीवरून कायोटी येत असेल तर मात्र बरेच जण बिळाच्या तोंडाशी, मातीच्या उंचवट्यावर, मागच्या पायांवर उभे राहून ओरडत राहतात आणि सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला असतात. कॅमेरा तिकडे रोखा. ओरडा वसाहतीच्या एका टोकाकडून दुसऱ्याकडे सरकू लागला की समजायचं, कायोटी चालतोय. एखादा कोपरा एकदम गप्प झाला तर तो तिथे पोचलाय.

बॅजर दिसला तर नशीब जोरावर आहे. पण फोटोत तो म्हणजे नुसती पाठ आणि मागे उडणारी माती. त्याच्या आसपास कायोटी घुटमळतोय का ते बघा. हे दोघे खरोखर जोडीने शिकार करतात. बॅजर खोदायला लागला की प्रेअरी डॉग बिळाच्या दुसऱ्या तोंडातून बाहेर निसटतो आणि तिथे कायोटी टपलेला असतो. कायोटीला घाबरून जो आत राहतो तो बॅजरच्या तावडीत सापडतो. शिकार वाटून वगैरे घेत नाहीत, ज्याला मिळाली त्याची. तेव्हा खोदकामावर फ्रेम लावून बसू नका. कायोटीचे कान बघा. ते ज्या बिळाकडे वळलेत, पुढचं नाट्य तिथे घडणार.

गवतातला उंदीर पकडताना कायोटी आधी थबकतो, मान किंचित कलती करतो, मग चारही पाय उचलून उंच उडी मारतो आणि नाक खाली करून पुढच्या पायांवर उतरतो. इथे बहुतेकांचा फोटो फसतो, कारण फ्रेम आधीच घट्ट आवळलेली असते आणि उडीत डोकं बाहेर जातं. झूम 600 वरून 400 वर आणा, वर भरपूर आकाश सोडा. शटरचा वेग 1/2500 सेकंदापेक्षा मंद नको, त्यासाठी आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश-संवेदनशीलता) चढला तर चढू द्या. फोकस गवताच्या पात्यांवर अडकत असेल तर एकच लहान फोकस पॉइंट वापरा.

जागा म्हणाल तर पहिली सकाळ डेन्व्हरला लागूनच असलेल्या रॉकी माउंटन आर्सेनल अभयारण्यात काढा. एकेकाळी इथे रासायनिक शस्त्रांचा कारखाना होता, आता बायसन (अमेरिकेतले रानगवे) चरतात. 11 मैलांचा गाडीरस्ता आहे, प्रवेश फुकट. मग दोन रात्री हाताशी ठेवून साउथ डकोटातल्या बॅडलँड्स राष्ट्रीय उद्यानात जा. सहा तासांहून जास्त ड्रायव्हिंग आहे, पण सेज क्रीक रिम रोडवरच्या रॉबर्ट्स प्रेअरी डॉग टाउनसारखी जागा नाही. उद्यानाबाहेरच्या माळावर वेळ घालवू नका. तिथे माणसं वर्षभर कायोटी मारतात, त्यामुळे गाडीचं दार वाजलं की कायोटी क्षितिजापार. सशाच्या किंकाळीचं रेकॉर्डिंग लावून त्याला बोलावणारेही भेटतील. उद्यानात ते चालत नाही, आणि तसा आलेला कायोटी शिकार करत नसतो, तो स्पीकर शोधत असतो.

गाडीतूनच काम करा, खिडकीवर बीनबॅग (लेन्स टेकवायची दाण्यांची पिशवी) ठेवून. पहाटे थंडी कडक असते, तरी हीटर बंद आणि काचा खाली. आतली गरम हवा खिडकीतून बाहेर पडताना थरथरते आणि लेन्स कितीही चांगली असली तरी प्राण्याचे डोळे धूसर येतात. तुम्हाला वाटेल फोकस चुकला. ऊन चढल्यावर जमिनीवरूनही तशीच झळ उठते, तेव्हा दुपारी झोप काढा.

खालून अँगल छान मिळतो म्हणून बिळांपाशी आडवं पडायचा मोह होईल. पडू नका. रिकाम्या बिळात रॅटलस्नेक असतो. शिवाय प्रेअरी डॉगच्या पिसवांतून प्लेग पसरतो. 2008 साली तो बॅडलँड्सशेजारच्या कोनाटा बेसिनमध्ये पोचला आणि वसाहतींच्या वसाहती ओस पडल्या.

या वसाहतींवर जगणारा ब्लॅक-फूटेड फेरेट, म्हणजे मुंगसासारखा दिसणारा छोटा शिकारी, हाही तुमच्या फोटोंच्या यादीत आहे, तो यादीतून काढून टाका. नामशेष झाला असं धरलेलं हे जनावर 1981 मध्ये वायोमिंगमध्ये एका रँचवरच्या कुत्र्याने मारून आणलं, म्हणून पुन्हा सापडलं; पुढे उरलेली 18 पकडून त्यांच्यापासून आजची संख्या वाढवली. तो निशाचर आहे. अभ्यासक रात्रभर सर्चलाइट फिरवून त्याचे हिरवे चमकणारे डोळे शोधतात. तुम्ही ते करू नका, रात्री झोपा. उजाडताना वसाहतीपाशी हजर व्हायचंय.