बर्फाळ हिवाळ्याची बेगमी

प्रश्न : एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या गवताळ प्रदेशात वसलेली शेतकरी कुटुंबे अन्न कसे मिळवीत व टिकवीत?

उत्तर : १८६२ च्या होमस्टेड कायद्याने १६० एकरांपर्यंत जमीन मिळत असली, तरी गवताच्या मुळांनी घट्ट विणलेल्या त्या मातीत पहिल्या वर्षी मक्याखेरीज फारसे काही पिकत नसे, म्हणून शिकार, रानफळे आणि सोबत आणलेले पीठ यांवरच घर चालवावे लागे.

डुक्कर कापण्यासाठी मात्र ही कुटुंबे थंडीची वाट पाहत, कारण मीठ हाडापर्यंत मुरण्यास बरेच दिवस लागतात आणि उबदार हवेत मांस त्याआधीच आतून नासते. मीठ मांसातील पाणी ओढून घेते व जंतूंची वाढ रोखते; त्यानंतर दिलेल्या धुरीने मांसाचा पृष्ठभाग सुकतो आणि त्यावरील चरबी लवकर खवट होत नाही. शिजवलेले मांस वितळलेल्या चरबीखाली बुडवून, हवेचा संपर्क तोडूनही ठेवले जाई. बटाटे, गाजरे आणि सलगम जमिनीखालच्या तळघरात राहत. सफरचंदाच्या फोडी व मक्याचे दाणे उन्हात वाळविले जात, जे वाचताना आपल्या उन्हाळी वाळवणाची आठवण होते.

फळे व भाज्या हवाबंद करून टिकविण्यासाठी वापरल्या गेलेल्या, फिरकीच्या झाकणाच्या काचेच्या बरणीचे पेटंट जॉन मेसन यांनी १८५८ मध्ये घेतले.

एक गोष्ट येथे आवर्जून सांगावीशी वाटते : मका, घेवडा व भोपळा ही पिके, तसेच ती वाळवून साठविण्याच्या रीती, या भूमीवरील मूलनिवासींनी शतकानुशतके जोपासल्या होत्या, आणि त्यांनाच तेथून हुसकावले गेले.