खेळातला कर्ता कोण?

प्रश्न : माझा मुलगा अकरावीत आणि मुलगी आठवीत आहे. दोघेही व्हिडिओ गेम खेळतात. मुलगी नेहमी पुरुष पात्र निवडते आणि नावही मुलाचेच घेते. विचारले तर म्हणते, ‘मुलगी आहे हे कळले की माइकवर घाणेरडे बोलतात.’ मुलाच्या आवडत्या गेममध्ये गुंडांच्या टोळ्यांत बहुतेक कृष्णवर्णीय माणसे आहेत. परवा कॉलेज रोडवर एक आफ्रिकी विद्यार्थी दिसला, तेव्हा ‘हा नक्की टोळीतला’ असे तो सहज बोलून गेला. मी फार अस्वस्थ झाले. गेम बंद करावेत का?
– एक आई, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : गेम बंद करू नयेत, असे माझे मत आहे, मात्र आपली अस्वस्थता रास्त आहे आणि ती मुलांपासून लपवू नये. आपल्या शहराच्या नावाची एक कथा शूर्पणखेच्या कापलेल्या नाकाशी जोडलेली आहे. पंचवटीत ती ऐकताना आपण श्रोते असतो आणि शस्त्र लक्ष्मणाच्या हाती असते. गेममध्ये ते शस्त्र खेळणाऱ्याच्या हाती येते. म्हणून एखाद्या गेममध्ये किती वर्णांची माणसे आणि किती स्त्रिया दिसतात, एवढे मोजून भागत नाही. त्यातला कर्ता कोण आणि ज्याच्यावर क्रिया घडते तो कोण, हे पाहावे लागते.

‘रेसिडेंट ईव्हिल ५’ या गेमची पहिली झलक २००७ मध्ये दाखवली गेली, तेव्हा गोरा नायक आफ्रिकी जमावावर गोळ्या झाडतो या चित्रणावर कडाडून टीका झाली. ती माणसे संसर्गाने पछाडलेली आहेत, असे कथेत सांगितलेले आहे आणि २००९ मध्ये आलेल्या गेममध्ये नायकाची सहकारी एक आफ्रिकी स्त्री आहे, हेही खरे. तरीही ज्या समाजाची माणसे खेळणाऱ्याला एरवी क्वचितच भेटतात, ती इथे प्रामुख्याने नेम धरण्यापुरती समोर येतात, हा आक्षेप त्या स्पष्टीकरणाने संपत नाही. मुलाला हे आफ्रिकेच्या उदाहरणावरून पटले नाही, तर १९९१ च्या ‘स्ट्रीट फायटर २’ मधला धालसिम त्याला दाखवावा. तो भारताचा योद्धा. गळ्यात कवट्या, तोंडातून आग आणि रबरासारखे लांब होणारे हातपाय. परदेशातल्या एखाद्या मुलाने त्यालाच पाहून आपल्याविषयी मत बनवले तर कसे वाटेल, असे विचारावे आणि त्याला उत्तरासाठी वेळ द्यावा. एक गोष्ट मात्र आपण मोठ्यांनी मान्य केली पाहिजे, की त्याच्या तोंडून निघालेले वाक्य एकट्या गेमने शिकवलेले नसावे. ‘रंगाने सावळी, पण नाकीडोळी नीटस’ हे आपण घराघरांत किती सहज म्हणतो! त्या ‘पण’चा विचार त्याच्याबरोबर आपणही करायला हवा.

स्त्रियांच्या चित्रणाचा प्रश्न नायिका मिळाली म्हणून सुटत नाही. १९८६ च्या ‘मेट्रॉइड’मध्ये चिलखतातला योद्धा स्त्री आहे, हे शेवटी उघड होते आणि त्या काळी ही मोठीच गोष्ट होती, परंतु खेळ जितक्या कमी वेळात संपवावा तितके तिच्या अंगावरचे कपडे कमी दिसतात, म्हणजे संपूर्ण खेळभर कर्ता असलेली स्त्री अखेरीस खेळणाऱ्याचे बक्षीस ठरते. ‘असॅसिन्स क्रीड युनिटी’मध्ये एकत्र खेळताना स्त्री पात्र निवडण्याची सोय नव्हती. त्यासाठी हालचालींचे आणि पोशाखांचे काम दुप्पट होईल, असे कारण २०१४ मध्ये देण्यात आले, तेव्हा अनुभवी अ‍ॅनिमेटरनीच ते खोडून काढले. उलट, पुण्यात तयार झालेल्या ‘राजी’ या २०२० च्या गेममध्ये भावाच्या शोधात निघालेली मुलगीच नायिका आहे. तो आपल्या दोन्ही मुलांनी मिळून खेळावा, असे मी आवर्जून सुचवेन.

मुलीने पुरुष पात्र घेणे हा तिचा दोष नाही आणि न्यूनगंडही समजू नये. ते तिने स्वतःसाठी शोधलेले संरक्षण आहे, म्हणून ‘मुलीचेच पात्र घे’ असा आग्रह धरू नये. अनोळखी लोकांचा आवाज बंद ठेवणे, त्रास देणाऱ्याला ब्लॉक करणे आणि गेममध्येच त्याची तक्रार नोंदवणे, हे तिला आपल्या देखत करू द्यावे. भावाने तिच्या स्क्वॉडमध्ये, म्हणजे गेममधल्या तिच्या संघात खेळावे आणि कोणी अर्वाच्य बोलले तर तिथल्या तिथे त्याला हटकावे. हे काम त्याच्यावर सोपवावे, कारण माइकवर बोलणारी मुले बहुधा त्याच्याच वयाची असतात.

प्रश्न : आम्ही तीन अभियांत्रिकीचे विद्यार्थी एक गेम बनवत आहोत. सुरगाणा भागातल्या बोहाड्याचे, म्हणजे मुखवटे घालून सोंगे नाचवण्याच्या आदिवासी उत्सवातले मुखवटे आम्ही राक्षसांसाठी वापरले आहेत. यात काही गैर आहे का?
– एक विद्यार्थी, नाशिक

उत्तर : होय, गैर आहे. बोहाड्यात देवांचीही सोंगे निघतात आणि जे मुखवटे आपल्याला भयंकर दिसतात, त्यांना तिथे मान असतो. गेममध्ये ते सरसकट मारण्याच्या जागी ठेवल्यास, ज्या आदिवासी समाजाला खेळात अजून जागाच मिळालेली नाही, त्याची पहिली ओळख शत्रू म्हणून होईल. अलास्कातील इन्युपिआक समाजाच्या लोककथेवर ‘नेव्हर अलोन’ हा गेम २०१४ मध्ये आला. तो त्या समाजातील ज्येष्ठांना आणि कथेकऱ्यांना सोबत घेऊन घडवला गेला आणि त्याचे निवेदनही त्यांच्याच भाषेत आहे. सुरगाणा आपल्यासाठी अलास्काइतके दूर नाही. पुढचे चित्र काढण्यापूर्वी तिथे जावे, ज्यांच्या घरी मुखवटे सांभाळले जातात त्यांना भेटावे, कोणते सोंग कोणाचे आणि ते कोणी घ्यायचे हे त्यांच्याकडून ऐकावे. त्यांनी एखादा मुखवटा वापरू नका म्हटले, तर तो काढून टाकावा, मग त्यावर कितीही रात्री खर्च झालेल्या असोत.