कॅरोटिड बॉडी: दाब मोजते, साठा नाही

प्रिय,

रिकव्हरी रूमची ड्युटी लागण्याआधी एवढं पक्कं करून घे: कॅरोटिड बॉडी धमनीतल्या ऑक्सिजनचा दाब मोजते आणि तो घटला की श्वास वाढवायला सांगते; साठा, म्हणजे हिमोग्लोबिनला चिकटलेला धरून रक्तातला एकूण ऑक्सिजन, मोजत नाही.

गळ्यात कॅरोटिड धमनी दुभंगते, तिथे दोन्ही बाजूंना तांदळाच्या दाण्याएवढा हा गोळा असतो. वजनाच्या मानाने त्याला मिळणारं रक्त अफाट, १०० ग्रॅममागे मिनिटाला सुमारे २००० मिली. मेंदूला तेवढ्याच वजनामागे ५० च्या आसपास मिळतं. त्यामुळे प्लाझ्मात विरघळलेल्या ऑक्सिजनवरच त्याचं भागतं, हिमोग्लोबिनला फारसा हात लावावा लागत नाही. म्हणून रक्तक्षयात किंवा कार्बन मोनॉक्साइडच्या विषबाधेत ही घंटा जवळजवळ वाजतच नाही. साठा संपत आलेला असतो, दाब मात्र ठीक असतो. पेशंटला धाप नाही म्हणजे ऑक्सिजन पुरेसा आहे, असं तिथे समजलास तर फसशील.

दाब १०० वरून ७० मिमी पाऱ्यावर आला तरी ती थोडीच कुरकुरते, ६० च्या खाली मात्र एकदम ओरडायला लागते. ऑक्सिजन घटला की तिच्यातल्या ग्लोमस पेशींच्या (ऑक्सिजन जोखणाऱ्या पेशींच्या) पडद्यातल्या पोटॅशियम वाहिन्या बंद होतात. पेशीचा विद्युतभार घसरतो, कॅल्शियम आत शिरतं, एटीपी आणि अ‍ॅसिटिलकोलीन बाहेर पडतं आणि नवव्या मज्जातंतूतून संदेश मेंदूच्या देठाकडे जातो. घट नेमकी ओळखतं कोण, यावर वाद आहे, पण मायटोकाँड्रियाचा (पेशीतल्या ऑक्सिजन वापरणाऱ्या ऊर्जाघरांचा) हात आहे हे बहुतेकांना मान्य आहे. सायनाइड दिल्यावर ही पेशी खवळते ती त्यामुळेच.

आता औषधं, कारण घोळ इथेच होतो. संदेशाच्या वाटेत निकोटिनिक रिसेप्टर (अ‍ॅसिटिलकोलीनचा संदेश घेणारी प्रथिनं) आहेत आणि स्नायू सैल करणारी औषधं तेही अडवतात. त्यातलंच व्हेक्युरोनियम देऊन टीओएफ गुणोत्तर (मज्जातंतूला सलग चार विद्युत झटके देऊन चौथ्या आकुंचनाची पहिल्याशी केलेली तुलना, पूर्ण जोर म्हणजे १) ०.७ वर ठेवलं, तर कमी ऑक्सिजनला मिळणारा श्वासाचा प्रतिसाद सुमारे ३० टक्क्यांनी घटतो, कार्बन डायऑक्साइडला मिळणारा मात्र तसाच राहतो. मान उचलता येते म्हणून श्वासाची नळी काढू नकोस, मोजून ०.९ गाठ. हॅलोथेन या भुलीच्या वायूचा ०.१ मॅक (छेद घेताना निम्मे पेशंट हलत नाहीत त्या मात्रेचा दहावा भाग) एवढा उरलेला अंशही हा प्रतिसाद ठळकपणे दाबतो. रक्तदाब सावरायला देतात त्या डोपामिनचं तर लोक विसरूनच जातात. ते मेंदूत शिरत नाही हे खरं, पण कॅरोटिड बॉडी रक्त आणि मेंदू यांच्यातल्या त्या अडसराच्या बाहेर आहे. मिनिटाला किलोमागे ३ मायक्रोग्रॅम इतक्या कमी डोसनेही तिचा आवाज बसतो.

उलट बाजूला डॉक्साप्रॅम, श्वासाला चालना देणारं औषध. ते त्याच पोटॅशियम वाहिन्या बंद करतं, म्हणजे ऑक्सिजन कमी नसतानाही तसा भास निर्माण करतं. किलोमागे ०.५ ते १ मिग्रॅ, शिरेतून हळूहळू. असर जेमतेम दहा मिनिटं टिकतो, जास्त झालं तर रक्तदाब चढतो, झटकेही येऊ शकतात. देण्याआधी श्वासमार्ग मोकळा आहे का आणि स्नायूंत जोर परतलाय का ते बघ. दोन्हींपैकी एक नसेल तर पेशंट बंद दारावर धडका मारत राहतो आणि होता तो ऑक्सिजनही खर्च करून बसतो.