त्या रात्री गाडी कुठे उभी होती?

अगं पोरी,

तू घ्यायला निघालेल्या त्या जुन्या गाडीचे फोटो बघितले, अठराच्या अठरा. गाडी दिसायला झकास आहे, पांढरी, सात सीटर, २०१७ची एक्सयूव्ही ५००, डिझेल, आणि भाव असा की मी पण रात्री बारा वाजता कुणाला तरी मेसेज टाकून विचारलं असतं. तुझी गरज पण खरी आहे, घरात तान्हं बाळ, सासू-सासरे, आजीला गरुडेश्वरला दत्ताच्या दर्शनाला न्यायचंय, आणि आत्ताच्या त्या छोट्या गाडीत बाळाची सीट लावली की माणसं बसवायची कुठे हा प्रश्नच आहे. घे, सेकंडहँडच घे, नव्याच्या नादी लागू नकोस.

पण आपण बडोद्यात राहतो बाई. इथे जुनी गाडी घेताना लोक किलोमीटर विचारतात, अ‍ॅव्हरेज विचारतात, मी मकरपुऱ्यात वर्कशॉपमध्ये आयुष्य काढलं आणि मी पहिल्यांदा एकच विचारतो, ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदी चढली त्या रात्री ही गाडी कुठे उभी होती? पाणी तेव्हा ३५ फुटांच्या वर गेलं होतं, तुला आठवत असेलच, सोसायट्यांमधून मगरी फिरत होत्या आणि पार्किंगमध्ये गाड्यांची फक्त टपं दिसत होती. त्या सगळ्या गाड्या काही भंगारात गेल्या नाहीत. बऱ्याच धुतल्या, वाळवल्या, सीट कव्हर बदलली आणि आता 'बेन, एकदम चोख्खी छे' म्हणत उभ्या आहेत. आणि त्याआधी २०१९चा ३१ जुलै, चोवीस तासांत जवळपास ५०० मिलिमीटर पाऊस, तेव्हाच्या पण आहेतच, आणि तुझी गाडी दोन्ही पावसांच्या आधीची आहे.

हे फोटोत दिसत नाही, त्यामुळे तुझे अठरा फोटो माझ्या कामाचे नाहीत. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढायचा, अगदी अडेपर्यंत, कारण वरचा भाग सगळे धुतात, पण आत गुंडाळलेल्या पट्ट्यावर मातीची रेघ तशीच राहते. बेल्टच्या मुळाशी लेबल असतं, त्यावर तारीख असते, गाडी २०१७ची आणि बेल्ट २०२४चे असतील तर का बदलले ते विचार. सीट पुढे-मागे सरकवून खालचे रेल बघ, तिथे गंज दिसला की समजायचं. कार्पेट कोपऱ्यातून उचलून हात घाल, वास घे, आणि हो, गाडीत दोन-दोन परफ्यूम लटकत असतील तर जास्तच वास घे. तिसऱ्या सीटच्या मागे, जॅक ठेवतात त्या खाचेत बारीक गाळ मिळतो, तिथपर्यंत धुणाऱ्या पोराचा हात पोचत नाही. फ्यूज बॉक्स उघडून बघ, तांब्यावर हिरवट चढलंय का. इंजिनाचं काय, ते उघडून परत बांधता येतं, खरी डोकेदुखी वायरिंगची असते, पाणी ओसरल्यावर सहा महिन्यांनी, वर्षाने एकेक कनेक्टर सडायला लागतो आणि मग एअरबॅगचा दिवा लागतो, काच अर्ध्यावर अडकते आणि कुठलाच मेकॅनिक एका फेरीत दुरुस्त करून देत नाही.

आणखी एक, हे फार कमी लोक करतात. मालकाकडून इन्शुरन्सची पॉलिसी माग आणि त्यावर नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, किती लिहिलाय ते बघ. एकही क्लेम न घेता गाडी चालवली तर तो २० पासून चढत चढत ५० टक्क्यांवर जाऊन थांबतो, एक क्लेम घेतला की पुढच्या वर्षी शून्य, मग परत २०, २५. इतकी वर्षं एकच मालक आणि बोनस २०-२५ टक्क्यांवरच अडलेला असेल तर मधे काहीतरी घडलंय. काय घडलं ते त्याने सांगावं, साधा दरवाजा ठोकला असेल तर ठीकच आहे. (बोनस माणसाचा असतो, गाडीचा नाही, तो तुला मिळणार नाही, त्या भरवशावर हिशोब करू नकोस.)

कागदाचं थोडक्यात, एमपरिवहन या सरकारी अ‍ॅपवर नंबर टाकून कितवा मालक ते बघ, बँकेचा बोजा असेल तर बँकेची एनओसी (ना-हरकत पत्र) आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५ हातात आल्याशिवाय टोकनच्या वर पैसे नाहीत, आणि गाडी नावावर करायच्या फॉर्म २९, ३० वर सह्या तुझ्यासमोर.

आजीला टेस्ट ड्राइव्हला ने. हसू नकोस. गाडी उंच आहे, गुडघेदुखीवाल्या बाईला चढता आलं नाही तर सगळी एसयूव्ही फुकट. आणि तिसरी सीट उघडली की मागे जेमतेम पिशव्या मावतात, बाळाची ढकलगाडी नाही, हे घरच्यांना आत्ताच सांगून ठेव.

आता तू विचारलंस की समोरचा माणूस सभ्य वाटतो, शिकलेला आहे, तो कशाला खोटं बोलेल. अगं, मी पण सभ्यच आहे. २०१९ला माझी गाडी सीटपर्यंत बुडाली होती. पंधरा दिवस दारं उघडी टाकून उन्हात वाळवली, आतून शॅम्पू मारून घेतला आणि डभोईकडच्या एका माणसाला विकली. त्याने पाण्याचं विचारलंच नाही, मी सांगितलं नाही. दिवाळीत त्याचा फोन आला, रात्री गाडी आपोआप हॉर्न वाजवते म्हणून. मी म्हटलं जुनी गाडी आहे, होतं असं. फोन ठेवला आणि बायकोने विचारलं कुणाचा, तर म्हटलं राँग नंबर. त्याने तोंडावर विचारलं असतं तर मला वाटतं मी खोटं बोलू शकलो नसतो, निदान चेहऱ्यावर दिसलं असतं. म्हणून तू तोंडावर विचार, फोनवर नाही, आणि विचारताना त्याच्याकडे बघ, गाडीकडे बघू नकोस.

रविवारी सकाळी सातला मी येतो. त्याला सांगून ठेव की आपण पोचेपर्यंत गाडी चालू करायची नाही, बॉनेट गार पाहिजे. आणि टॉर्च तू आण, माझी बिघडली आहे.

तुझा,
काका