एर्नी कोवॅक्स कोण होता? टीव्हीवर त्याने वेगळं असं काय केलं?
१९५०च्या दशकातला अमेरिकन विनोदवीर. जन्म १९१९चा, न्यू जर्सीतल्या ट्रेंटनमध्ये. आधी रेडिओ, मग फिलाडेल्फियाचा टीव्ही. बाकीचे रंगमंचावरचेच विनोद कॅमेऱ्यासमोर करत होते, याने कॅमेऱ्यालाच कामाला लावलं. १९५७च्या मूक कार्यक्रमात तो टेबलाशी डबा खायला बसतो, तर ऑलिव्ह घरंगळत सुटतात आणि थर्मासमधलं दूध कपात न पडता तिरकंच सांडतं! युक्ती एवढीच, की सेट तिरपा होता आणि कॅमेराही तेवढाच कललेला. मला तरी अजून हसू येतं. १९६२ मध्ये लॉस एंजेलिसला मोटार खांबावर आदळून गेला. वय अवघं ४२. पुढे चॅनेलवाले टेपा पुसून परत वापरतायत हे कळल्यावर पत्नी एडी ॲडम्सने पदरमोड करून त्या विकत घेतल्या, म्हणून निदान काही तरी बघायला उरलंय.