पेट्रोलचा काटा अर्ध्यावरच का अडतो?

प्रश्न : माझ्याकडे 1971 ची एमजीबी रोडस्टर, म्हणजे उघड्या टपाची ब्रिटिश स्पोर्ट्स मोटार आहे. टाकी गळ्यापर्यंत भरली तरी काटा अर्ध्याच्या वर सरकत नाही. रिकामी होत आली की मात्र बरोबर दाखवतो. गॅरेजमध्ये टाकीतला सेंडर नवा बसवला, तरी तेच. आता डॅशबोर्डवरचं मीटर बदलू का?
— एक वाचक, लेस्टर

उत्तर : मीटरला इतक्यात हात लावू नका. खाली बरोबर आणि वर चूक, ही तुमची तक्रारच निम्मं निदान करून देते.

या गाडीतला सेंडर म्हणजे तरंगत्या फ्लोटला जोडलेला बदलता रोध. टाकी रिकामी असताना तो सुमारे 250 ओहम असतो, अर्ध्यावर 70 च्या आसपास आणि भरल्यावर जेमतेम 20 ते 30. आता वाटेत कुठे गंजानं 40 ओहम वाढवले असं धरा. रिकाम्या टाकीच्या 250 चे 290 झाले, तर काट्यात फरक जाणवतही नाही. भरलेल्या टाकीच्या 25 चे मात्र 65 होतात, म्हणजे काटा थेट अर्ध्यावर. नवा सेंडर घालूनही फरक पडला नाही, तो बहुधा यामुळेच.

पहिला संशय सेंडरच्या अर्थिंगवर घ्या. तो टाकीच्या बाजूला रबरी वॉशर आणि लॉकिंग रिंगवर बसतो. रबर वीज वाहत नाही, आणि रंगवलेल्या टाकीवर रिंगचाही भरवसा नाही. काळ्या वायरचं टोक घासून लख्ख करा. मग सेंडरची बॉडी आणि डिकीतला उघडा पत्रा यांच्यामध्ये मल्टिमीटर लावा. रोध अर्ध्या ओहमच्या आत हवा. पाच-दहा दिसले तरी चोर सापडलाच म्हणून समजा.

अर्थिंग ठीक निघालं, तर 22 ओहम, 2 वॉटचा एक रेझिस्टर आणा. इग्निशन बंद करून सेंडरवरची काळ्या रेघेची हिरवी वायर काढा, लांब वायरनं ती डिकीच्या आत आणा आणि रेझिस्टरमधून पत्र्याला जोडा. मगच इग्निशन चालू करा. वायर पत्र्याला थेट टेकवून पाहायची सवय अनेकांना असते. टाकीशेजारी ठिणगी, आणि मीटरच्या आतली वाइंडिंग भाजण्याची भीती, दोन्ही कशाला? हे मीटर तापणाऱ्या द्विधातूच्या पट्टीवर चालतं, त्यामुळे काटा सावकाश चढतो. दोन मिनिटं थांबा.

काटा भरलेल्या खुणेपाशी गेला तर वायरिंग आणि मीटर निर्दोष, दोष सेंडरचा. बाजारातल्या नव्या सेंडरचा दांडा कधी कधी चुकीचा वाकवलेला असतो आणि फ्लोट टाकीच्या माथ्यापर्यंत पोचत नाही. टाकी जवळजवळ रिकामी करून तो बाहेर काढा. भोक बाजूला असल्यानं भरल्या टाकीत हा उद्योग नको. फ्लोट हातानं वर-खाली करून ओहम मोजा आणि दांडा थोडा थोडा वाकवा.

काटा तरीही अर्ध्यावरच अडला, तर तोच रेझिस्टर मीटरच्या मागे, त्या हिरव्या-काळ्या वायरच्या टर्मिनलवरून पत्र्याला लावून पाहा. तिथे पूर्ण चढला, तर मधले बुलेट कनेक्टर, म्हणजे वायरींचे दाबून बसवलेले जोड, साफ करा. तिथेही नाही चढला, तर स्टॅबिलायझर तपासा. डॅशबोर्डमागची ही डबी सरासरी 10 व्होल्ट देते. जुनी डबी टप्प्याटप्प्यानं बंद-चालू होते, म्हणून डिजिटल मीटरवर आकडे उड्या मारतात. तो बिघाड नव्हे. ब्रेक दाबल्यावर किंवा वायपर लावल्यावर काटा पडत असेल, तर फ्यूजबॉक्सच्या क्लिपा गंजल्यात. ब्रेकचे दिवे, वायपर आणि हे मीटर फ्यूजबॉक्समधून निघणाऱ्या एकाच हिरव्या लाइनवर चालतात.

सगळं बरोबर निघालं तरच मीटर बाहेर काढा. मागे बुचांखाली दोन भोकं असतात, एक रिकाम्या खुणेचं, दुसरं भरलेल्या. 250 आणि 22 ओहम आलटून पालटून लावत दोन्ही जुळवा. एक हलवलं की दुसरं थोडं सरकतं. तडजोड करावीच लागली तर रिकामी खूण अचूक ठेवा. भरलेली टाकी चुकीची दिसली म्हणून कुणी रस्त्यात अडकत नाही.

प्रश्न : 1966 च्या एमजीबी जीटीत नवा इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलायझर बसवला. काटा हलतच नाही. जुन्यावर तो सतत जास्त दाखवायचा.

उत्तर : 1967 च्या मार्क टू या सुधारित आवृत्तीपर्यंत या गाड्यांत बॅटरीचं धन टोक बॉडीला असे. जुन्या द्विधातू स्टॅबिलायझरला ध्रुव कोणताही चालतो, इलेक्ट्रॉनिकला नाही. तुम्हाला मिळालेला बहुधा ऋण अर्थिंगचा आहे. उलटा जोडल्यानं तो जळालाही असेल. धन अर्थिंगचा मागवा. जुना मात्र फेकू नका. त्याची डबी पत्र्याला नीट टेकली नाही, की आतला हीटर तापत नाही, संपर्क तुटत नाही आणि मीटरला सतत 12 व्होल्ट जातात. काटा जास्त दाखवायचा तो त्यामुळेच असू शकेल. स्क्रूखालचा रंग खरवडून, 'टॉप'ची खूण वर ठेवून तो एकदा परत लावून पाहा.