बिनतारी संचापासून व्यासपीठापर्यंत

गेल्या काही महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे एकाच विषयाभोवती फिरणारी आहेत : लष्करी संदेशवहनात उमेदीची वर्षे घालवलेला माणूस निवृत्तीनंतर वक्ता म्हणून उभा राहतो तेव्हा त्याला येणाऱ्या अडचणी. मी स्वतः 22 वर्षे वायरलेस संचापाशी काढली असून त्यानंतरची 11 वर्षे व्याख्याने देत आहे. त्यामुळे संपादकांनी ही पत्रे माझ्याकडे सोपवली आहेत.

प्रश्न : मी 26 वर्षे सैन्याच्या सिग्नल विभागात आधी वायरलेस ऑपरेटर आणि नंतर प्रशिक्षक म्हणून काम केले. आता मला निरनिराळ्या संस्थांकडून व्याख्यानाची निमंत्रणे येतात. मला 40 मिनिटे दिलेली असतात, पण माझे बोलणे 12 मिनिटांत संपते आणि तेवढ्यात सगळे मुद्दे सांगूनही झालेले असतात. ऐकणारे म्हणतात की माहिती चांगली होती, पण बोलणे कोरडे वाटले. शिवाय मी हातात शस्त्र घेऊन आघाडीवर लढलेलो नाही, तेव्हा लोकांना सांगण्यासारखे माझ्यापाशी आहे तरी काय, हा प्रश्न मला सतावतो.

उत्तर : आपल्या बोलण्यातला कोरडेपणा आपल्याला शिकवण्यात आलेला आहे आणि तो शिकवण्यामागे सबळ कारणे होती. संचावर बोलणाऱ्याकडून लय, वेग, आवाजाची पातळी आणि पट्टी या चार गोष्टी घोटून घेतल्या जातात, त्या खरखरीतून शब्द निभावून जावा म्हणून. आवाज चढवला की शब्द फाटतो, आणि एकाचा घाबरलेला आवाज संपूर्ण नेटवरच्या, म्हणजे एकमेकांशी जोडलेल्या सगळ्या संचांवरच्या, माणसांना घाबरवतो, म्हणून आपण भावना बाजूला ठेवून सपाट बोलायला शिकलो. एकाने संचाचे बोलण्याचे बटण दाबून धरले की बाकीच्यांना गप्प बसावे लागते, आणि प्रक्षेपण जितके लांबते तितकी शत्रूच्या दिशाशोधक यंत्रांना आपली जागा हुडकण्याची संधी मिळते, म्हणून आपण थोडक्यात बोलायला शिकलो. व्यासपीठावर यांपैकी एकही कारण लागू होत नाही. तेथे आपल्या आवाजातला चढउतार हाच श्रोत्याला काय महत्त्वाचे आहे हे सांगत असतो. तेव्हा ही सवय जाणीवपूर्वक सैल करावी लागेल, आणि त्याला दोनतीन व्याख्याने नव्हे, तर दोनतीन वर्षे लागतील असे मी अनुभवाने सांगतो.

संचावरची एक सवय मात्र आपण टाकू नये, आणि बहुतेक जण नेमकी तीच टाकतात. ती म्हणजे पोच घेण्याची सवय. संदेश पाठवल्यानंतर समोरच्याने तो वाचून दाखवल्याखेरीज आपण तो पोचला असे कधी मानले नाही. व्यासपीठावर समोरून काहीच येत नाही, आणि ती शांतता म्हणजे होकार आहे अशी आपली समजूत होते. माझ्या पहिल्या व्याख्यानात सभागृहाच्या मागच्या अर्ध्या भागातला ध्वनिक्षेपक बंद होता. मी वीस मिनिटे टिपणातून मान वर न करता बोललो आणि निम्म्या लोकांनी सौजन्य म्हणून न ऐकताच टाळ्या वाजवल्या. रेडिओ चेक, म्हणजे आवाज नीट पोचतो का याची खात्री, घेतल्याशिवाय ज्याने 22 वर्षांत कधी बटण दाबले नव्हते त्याच्या हातून हे घडले, याची खंत मला आजही आहे. तेव्हापासून मी सुरुवातीलाच शेवटच्या रांगेला विचारतो की आवाज कसा येतो आहे, आणि ऐकू येण्याची 1 ते 5 ही आपली जुनी श्रेणी समजावून बोटांनी उत्तर मागतो. अर्धे बोलून झाल्यावर पुन्हा बोटे मागतो, पण या वेळी प्रश्न असतो तो मुद्दा किती समजला याचा. तीन बोटे दिसली की मी पुढे जात नाही, तोच मुद्दा दुसऱ्या उदाहरणाने सांगतो. अशाने आपली 12 मिनिटे आपोआप 40 कडे सरकू लागतील आणि त्यात पाल्हाळ नसेल. गोंगाट असलेल्या वाटेने संदेश बिनचूक पोचवायचा तर त्यात काही अंश पुनरुक्तीचा असावाच लागतो, ही गोष्ट अमेरिकी गणितज्ञ क्लॉड शॅनन यांनी 1948 मध्ये गणिताने मांडली. श्रोत्यांच्या मनातला गोंगाट कोणत्याही वायरलेसच्या खरखरीपेक्षा कमी नसतो.

दोन लहान गोष्टी जाता जाता सांगतो. बटण दाबल्यावर क्षणभर थांबून मग बोलायचे, नाहीतर पहिला शब्द कापला जातो, हे आपल्याला ठाऊक आहे. व्यासपीठावरही लोक सावरून बसेपर्यंत पहिले वाक्य वाया जाते, तेव्हा आपले सर्वांत चांगले वाक्य तेथे खर्च करू नये. आणि लष्करी मायक्रोफोन जसा ओठांना भिडवून धरतात तसा सभागृहातला धरू नये. मूठभर अंतर पुरते.

आता आपल्या मूळ शंकेकडे येतो. आघाडीवर लढलो नाही म्हणून सांगण्यासारखे काही नाही, हे आपले म्हणणे मला मान्य नाही. 25 ऑक्टोबर 1854 रोजी, क्रिमियन युद्धातल्या बालाक्लाव्हाच्या लढाईत, ब्रिटिश सेनापती लॉर्ड रॅग्लन यांनी उंचावरून एक लेखी आदेश धाडला. शत्रू तोफा नेत आहे, घोडदळाने वेगाने पुढे होऊन त्याला अडवावे, असा त्याचा आशय होता. रॅग्लन यांना टेकाडावरून ज्या तोफा दिसत होत्या त्या खाली दरीत उभे असलेले घोडदळाचे प्रमुख लॉर्ड लुकन यांना दिसत नव्हत्या. कोणत्या तोफा, असे त्यांनी विचारले तेव्हा आदेश आणणाऱ्या कॅप्टन नोलन यांनी हात हलवून मोघम दिशा दाखवली. साडेसहाशेहून अधिक घोडेस्वार भलत्याच दरीत, तिन्ही बाजूंनी तोफा रोखलेल्या असताना, दौडत गेले आणि नोलन स्वतः सुरुवातीलाच मारले गेले. त्या दिवशी धैर्याची वाण नव्हती. पाठवणाऱ्याला जे दिसते ते घेणाऱ्याला दिसत नाही, एवढा एक विचार त्या चिठ्ठीत नव्हता. रुग्णालयात पाळी बदलताना, कारखान्यात काम सोपवताना, घरात दोन पिढ्या बोलताना लोक हीच चूक करतात, आणि ती कशी टाळावी हे आपण 26 वर्षे शिकला आणि शिकवलेही आहे. तोफखान्याच्या भाषेत ‘रिपीट’ म्हणजे त्याच लक्ष्यावर पुन्हा मारा करा, म्हणून नेटवर ‘पुन्हा सांगा’ या अर्थी तो शब्द वापरत नाहीत आणि ‘से अगेन’ म्हणतात. एकेक अक्षर बिनचूक कळवण्यासाठीची अल्फा, ब्राव्हो, चार्ली ही वर्णमाला वेगवेगळ्या भाषा बोलणाऱ्यांच्या कानांवर पारखून पाहिल्यानंतरच 1956 मध्ये आजच्या रूपात लागू झाली. एवढ्या दोन गोष्टी सांगितल्या तरी श्रोते पुढे झुकतात, असा माझा अनुभव आहे. आणि शेवट करताना ‘आउट’ची घाई करू नये. ‘आउट’ म्हणजे मला उत्तर नको. ‘ओव्हर’ म्हणजे आता आपण बोला. उरलेली दहा मिनिटे श्रोत्यांच्या प्रश्नांसाठी राखून ठेवावीत.

प्रश्न : मी संदेशवहनातील एका संवेदनशील शाखेत होतो. व्याख्यानात किती सांगावे आणि कोठे थांबावे हे मला कळत नाही. इतकी वर्षे लोटल्यावरही गप्प राहण्यात काही अर्थ आहे का? तसेच मानधन घ्यावे की नाही, याबद्दलही आपले मत कळवावे.

उत्तर : अर्थ आहे. अमेरिकेच्या मरीन दलाने 1942 मध्ये नावाहो जमातीच्या 29 तरुणांना घेऊन त्यांच्या मातृभाषेवर आधारित सांकेतिक भाषा तयार केली. पुढे सुमारे 400 जण त्या कामात होते. युद्ध संपले, माणसे घरी आली, पण ही भाषा पुन्हा लागू शकते म्हणून त्यांना मौन पाळण्यास सांगितले गेले आणि 1968 पर्यंत ते गुपित खुले झाले नाही. त्यांनी आपल्या घरच्यांनाही काही सांगितले नव्हते. पहिल्या 29 जणांना 2001 मध्ये अमेरिकी काँग्रेसचे सुवर्णपदक देण्यात आले, तेव्हा त्यांतले मोजकेच हयात होते. त्या 29 पैकी सर्वांत शेवटी, 2014 मध्ये, निधन पावलेले चेस्टर नेझ यांनी म्हातारपणी आपली हकीकत जाहीरपणे सांगितली. एवढ्या उशिरा बोलूनही तिचे मोल कमी झाले नाही. उलट, ज्या शाळेने लहानपणी त्यांची भाषा बोलण्यावर बंदी घातली होती, तीच भाषा पुढे देशाच्या कामी आली, हे त्यांच्या तोंडून ऐकताना गुप्ततेचा एकही तपशील लोकांना लागला नाही.

कोठे थांबावे याचे उत्तर आपल्याच धंद्यात दडलेले आहे. टिंब-रेघांच्या मोर्स संकेतांच्या काळात प्रत्येक ऑपरेटरचा ‘हात’, म्हणजे संकेत वाजवण्याची ढब, वेगळा ओळखू येत असे आणि शत्रूचे कान ठेवून बसलेले लोक तेवढ्यावरून कोणती तुकडी कोठे हलली याचा माग काढत. दुसऱ्या महायुद्धात एनिग्मा या जर्मन सांकेतिक यंत्राचे संदेश फोडताना ठरावीक साच्यातल्या हवामानाच्या वार्तांचा मोठा उपयोग झाला. म्हणजे क्षुल्लक वाटणारी गोष्टच फितूर होते. आज प्रत्येक व्याख्यान कोणीतरी चित्रित करत असतो, तेव्हा आपण तीन ठिकाणी सांगितलेले तीन निरुपद्रवी तपशील कोणी एकत्र मांडू शकतो. म्हणून वारंवारता, ठिकाणे, यंत्रांची क्षमता आणि सेवेत असलेल्या सहकाऱ्यांची नावे यांना हात लावू नये. गोपनीयतेचे जे बंधन आपण लेखी स्वीकारले आहे ते सहसा निवृत्तीने सुटत नाही. शंका आली तर आपल्या विभागाकडे लेखी विचारणा करावी आणि उत्तर येईपर्यंत तो भाग वगळावा. शहीद झालेल्या सहकाऱ्याची आठवण सांगायची असेल तर आधी त्याच्या घरच्यांना विचारावे. हा नियम कोणत्याही कायद्यात नसेल, पण मी तो मोडत नाही.

मानधन अवश्य घ्यावे आणि रक्कम आधीच स्पष्ट करावी. जेथे घ्यायचे नसेल तेथे तसेही आधी सांगावे.

प्रश्न : माझे बाबा सिग्नलमधून निवृत्त झाले असून ते फार सुंदर बोलतात. मात्र प्रश्नोत्तरे सुरू झाली की ते चिडचिड करतात, भलतीच उत्तरे देतात आणि घरी आल्यावर यापुढे जाणारच नाही असे म्हणतात. त्यांचे मन कसे वळवावे?

उत्तर : आपल्या बाबांचे मन वळवण्यापूर्वी त्यांचे कान तपासून घ्यावेत. हेडसेटमधली खरखर वर्षानुवर्षे ऐकलेल्या माणसांमध्ये ऐकू कमी येणे आणि कानांत सतत आवाज घुमणे या तक्रारी नेहमी आढळतात. अशा वेळी बहुधा वरच्या पट्टीतले आवाज आधी हरवतात, आणि भाषेत ते स, श, फ यांसारख्या व्यंजनांत असतात. त्यामुळे कोणीतरी बोलते आहे हे कळते, पण काय बोलले हे कळत नाही. ज्याने आयुष्यभर क्षीण संकेतातून अक्षर न अक्षर वेचून काढले त्याला आता समोरच्या मुलीचा साधा प्रश्न ऐकू येत नाही, ही वेदना चिडचिडीच्या रूपाने बाहेर पडत असावी. त्यांना स्वभाव सुधारण्याचा सल्ला कृपया देऊ नका.

श्रवणतज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी आणि श्रवणयंत्र सुचवले गेले तर ते व्याख्यानाच्या दिवशी प्रथमच न लावता महिनाभर आधीपासून घरात वापरावे, कारण नव्या आवाजांची सवय व्हायला वेळ लागतो. तोवर प्रश्न तोंडी घेऊच नयेत. आयोजकांना सांगून श्रोत्यांकडून चिठ्ठ्या लिहून घ्याव्यात. लेखी संदेश हातात घेण्याची बाबांना सवय आहे आणि त्यात त्यांना कमीपणा वाटणार नाही. प्रत्येक चिठ्ठी त्यांनी आधी मोठ्याने वाचून दाखवावी आणि मग उत्तर द्यावे, म्हणजे प्रश्न सगळ्या सभागृहाला कळेल. एरवी तोंडी विचारलेला प्रश्न मागच्या रांगांना कधीच ऐकू जात नाही. आपणही पुढे त्यांच्याजवळ न बसता शेवटच्या रांगेत बसावे आणि पहिली चिठ्ठी वाचून झाली की आवाज किती पोचला ते त्यांना बोटांनी दाखवावे.